लॉयगावेगुर ट्रेक: हटच्या आरक्षणापासून शेवटच्या नदीपर्यंत, योग्य क्रमाने

आइसलँडच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात लान्डमान्नालॉयगार ते थोर्समोर्क ही सुमारे ५५ किलोमीटरची वाट आहे. लोक ती साधारण चार दिवसांत चालतात. पहिले दोन दिवस १२-१२ किलोमीटर, पुढचे दोन १५-१६ किलोमीटर. हे आकडे बघून सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेला माणूस म्हणतो, "एवढंच?" पुढच्या बहुतेक चुकांची सुरुवात इथेच होते. या वाटेवर अंतर आणि चढ फारसे त्रास देत नाहीत. दिवस कसा जाणार हे वारा, थंड पाऊस, उरलेला बर्फ आणि नद्यांचं पाणी ठरवतं. त्यामुळे तयारी आणि रोजचे निर्णय या चार गोष्टींभोवतीच आखावे लागतात.

नावांबद्दल एक सूचना. खालची नावं पाटीवरच्या अक्षरांच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत. थोर्समोर्कच्या पहिल्या अक्षरासाठी आइसलँडी लिपीत इंग्रजी पी सारखं दिसणारं वेगळं अक्षर आहे, त्याचा उच्चार "थ". बसच्या वेळापत्रकात हे नाव टी मध्ये सापडलं नाही तर यादीच्या शेवटाकडे बघा.

## १. तारखा ठरवणं

हंगाम साधारण जूनच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या मध्यावर संपतो. नेमकी सुरुवात लान्डमान्नालॉयगारकडे जाणारे कच्चे डोंगरी रस्ते कधी उघडतात यावर असते, आणि ते दरवर्षी बर्फ बघून ठरतं. जूनच्या अखेरीस रात्र जवळजवळ नसतेच, पण पहिल्या दोन दिवसांच्या वाटेवर भरपूर बर्फ असतो. सप्टेंबरमध्ये बर्फ कमी असतो, मात्र दिवस झपाट्याने लहान होतात आणि शरदातली वादळं सुरू होतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी १० जुलै ते २० ऑगस्ट यांमधले दिवस धरावेत असं आमचं मत आहे. जुलैच्या मध्यात याच वाटेवर एका दिवसाची ५५ किलोमीटरची धावण्याची शर्यत असते. त्या वर्षीची तारीख बघून घ्या आणि त्या दिवशी अरुंद उतारांवर धावपटूंना वाट द्यायची तयारी ठेवा.

चार दिवसांच्या ट्रेकसाठी सहा दिवस मोकळे ठेवा. एक दिवस हवामानासाठी, एक परतीच्या बसच्या घोळासाठी. थोर्समोर्कहून संध्याकाळी परतून त्याच रात्रीचं विमान पकडायचा बेत करू नका. वादळ आलं आणि हातात दिवस नसला की माणूस चालू नये तेव्हा चालतो.

## २. आरक्षणाचा क्रम

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. लोक आधी स्वस्त विमान तिकीट घेतात आणि मग हट, म्हणजे वाटेवरची मुक्कामाची घरं, शोधू लागतात. क्रम असा ठेवा:

१. हट किंवा तंबू, हे आधी ठरवा. वाटेवरचे मुख्य हट फेर्दाफेलाग ईस्लान्द्स, म्हणजे आइसलँडची पर्यटन संघटना चालवते. ह्राफ्नतिन्नुस्केर, आल्फ्तावात्न, एम्स्त्रुर आणि थोर्समोर्कचा लांगिदालुर इथे तिचे हट आहेत. जागा मोजक्या असतात आणि जुलै-ऑगस्टच्या रात्री कित्येक महिने आधी भरतात. आदल्या वर्षीच्या शरदापासूनच संघटनेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

२. सलग रात्री मिळाल्या तरच पैसे भरा. बहुतेकांचं गाडं ह्राफ्नतिन्नुस्केर किंवा एम्स्त्रुरला अडतं. आल्फ्तावात्न भरलं असेल तर त्याच्या पुढे सुमारे चार किलोमीटरवर क्वान्गिलचा हट आहे, तो बघा. थोर्समोर्कमध्येही लांगिदालुरखेरीज हुसादालुर आणि बासार असे दोन पर्याय आहेत.

३. मग डोंगरी बस. रेक्याविकहून सकाळी निघणारी बस चार-साडेचार तासांत लान्डमान्नालॉयगारला पोचवते. परतीची थोर्समोर्कहून घ्या. स्वतःची गाडी नेऊ नका. ट्रेक एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपतो, आणि थोर्समोर्कच्या रस्त्यावरच्या नद्यांत साध्या चारचाकी गाड्या अडकतात. भाड्याच्या गाडीचा विमा नदीतल्या पाण्याचं नुकसान सहसा भरून देत नाही.

४. त्यानंतर विमान आणि व्हिसा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. हटच्या आरक्षणाच्या पावत्या मुक्कामाचा पुरावा म्हणून जोडा आणि तारखा दिवसागणिक लिहा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतोच, पण तो घेताना डोंगरातलं पायी फिरणं आणि सुटकेचा खर्च त्यात आहे का, ते कलम वाचूनच पैसे भरा.

तंबूवाल्यांना आजवर सहसा आगाऊ जागा घ्यावी लागलेली नाही. मुक्कामी पोचून वॉर्डनकडे शुल्क भरायचं, कार्ड चालतं. तरी त्या वर्षीचा नियम संकेतस्थळावर बघून घ्या. तंबू हटशेजारच्या नेमलेल्या जागीच लावायचा, वाटेत कुठेही नाही.

> तपासा: हटच्या रात्रींच्या तारखा, जाण्या-येण्याच्या बसच्या तारखा आणि व्हिसाच्या तारखा एकाच कागदावर लिहून समोरासमोर ठेवा. मध्यरात्री उतरणाऱ्या विमानामुळे एक दिवसाचा फरक पडतो आणि तो शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

## ३. सॅक भरणं

हटमध्ये राहणाऱ्याची सॅक १०-१२ किलोंत बसते, तंबूवाल्याची १४-१६. त्यापुढे गेलात तर बाहेर काय काढायचं ते बघा.

कपडे. सुती काही नको, आतले कपडेसुद्धा नकोत. सह्याद्रीतला पाऊस उबदार असतो, भिजून चार तास चाललं तरी बिघडत नाही. इथे भर उन्हाळ्यात दिवसा ५ ते १० अंश, सोबत वारा आणि आडवा पाऊस असं असू शकतं. रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो. ओलं सुती बनियन तासाभरात अंगातली ऊब काढून घेतं. हवं ते असं: मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक कापडाचे आतल्या थराचे दोन जोड (एक फक्त झोपण्यासाठी, तो कधीच ओला होऊ द्यायचा नाही), एक फ्लीस, एक हलकं भरीव जॅकेट, शिवणी बंद केलेलं पाणबंद जॅकेट आणि तशीच पँट, दोन जोड हातमोजे, कानटोपी, तीन जोड लोकरी मोजे.

छत्री आणि पोंचो घरी ठेवा. इथल्या वाऱ्यात पोंचोचं शीड होतं आणि छत्रीच्या काड्या पहिल्याच खिंडीत मोडतात.

पाय. घोट्यापर्यंतचे, आधी निदान ८०-१०० किलोमीटर वापरून मऊ झालेले बूट. त्याशिवाय नदीसाठी वेगळी पादत्राणं, टाचेला पट्टा असलेले सँडल किंवा जुने हलके धावण्याचे बूट. फ्लिप-फ्लॉप चालत नाहीत, पहिल्या पावलालाच प्रवाह ती ओढून नेतो. जाड निओप्रीन मोजे मिळाले तर जरूर घ्या. दोन ट्रेकिंग काठ्या प्रत्येकाजवळ हव्यातच.

झोप. हटमध्ये गादी मिळते, स्लीपिंग बॅग आपली न्यावी लागते. तंबूसाठी आरामाचं तापमान शून्य ते उणे पाच अंश लिहिलेली बॅग घ्या. बॅगवर एकाहून जास्त आकडे असतात, त्यातला "आराम" हा धरायचा. "मर्यादा" म्हणून लिहिलेल्या तापमानाला माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. तंबू कमी उंचीचा, वाऱ्याला तोंड देणारा हवा. लान्डमान्नालॉयगारला जमीन इतकी खडकाळ आहे की खुंटी सहसा आत जातच नाही. सहा-आठ जादा दोऱ्या न्या, दोरी दगडाभोवती गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवायची सवय घरीच करा.

इंधन. गॅसचा डबा विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. तो रेक्याविकमध्ये घ्या. एकट्याला चार दिवसांसाठी २३० ग्रॅमचा एक डबा, दोघांना ४५० ग्रॅमचा एक. हिशेब माणशी रोज दोन लिटर पाणी उकळण्याचा आहे. वाऱ्यात गॅस जास्त जळतो, म्हणून शेगडीला वारारोधक पत्रा लावा, पण डब्याला चहूबाजूंनी वेढू नका. डबा तापला तर फुटू शकतो. हटचं स्वयंपाकघर हटमध्ये राहणाऱ्यांसाठीच असतं. तंबूवाल्यांनी "आत जाऊन करू" या भरवशावर शेगडी मागे ठेवू नये.

खाणं. माणशी रोज ६००-७०० ग्रॅम कोरडा शिधा धरा. भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, तूप, खवा, दूध पावडर, पेढे सगळं त्यात आलं. त्यामुळे रवा घरी तेलावर भाजून, फोडणी घालून उपम्याचं मिश्रण करा. माणशी १०० ग्रॅम मिश्रणाला साधारण ३०० मिलिलिटर उकळतं पाणी, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. पोहे, सातूचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, सुकामेवा उत्तम. चालताना दर तासाला मूठभर काहीतरी तोंडात टाकायचं, पावसात थांबून जेवण होत नाही. वाटेत काही विकत मिळेल हे गृहीत धरू नका. मिळालं तर आनंद.

> सावधान: स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं आणि नदीत त्याच्यात पाणी भरतं.

## ४. निघण्याच्या आदल्या दिवशी

रेक्याविकमध्ये एवढी कामं उरका: आइसलँडच्या हवामान खात्याच्या पानावर डोंगराळ भागाचा अंदाज, त्यातही वाऱ्याचा वेग बघा. तो मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो. १० म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. १५ च्या वर उघड्या पठारावर जड सॅक घेऊन चालणं अवघड, २० च्या वर निघूच नका. सेफट्रॅव्हल या प्रवास-सुरक्षेच्या संकेतस्थळावर आपला प्रवास-आराखडा नोंदवा. आपत्कालीन क्रमांक ११२ आणि त्याचं ॲप फोनमध्ये घ्या. नकाशा फोनवर उतरवून घ्या, कागदीही ठेवा. वाटेवर फोनची रेंज तुटक आहे आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन आणि पॉवरबँक आतल्या खिशात.

## ५. पहिला दिवस: लान्डमान्नालॉयगार ते ह्राफ्नतिन्नुस्केर

१२ किलोमीटर, चढ साधारण ४७० मीटर, ४-५ तास.

बसमधून उतरल्यावर आधी वॉर्डनकडे जा आणि वरचा बर्फ कसा आहे ते विचारा. मग किमान दोन लिटर पाणी भरा. या टप्प्यात पिण्याजोगं पाणी सहज मिळेलच असं नाही. वाफेच्या जागांतून येणारे, पिवळ्या-तांबूस काठांचे ओहोळ दिसायला स्वच्छ असतात, पण ते पिऊ नका.

वाट लॉयगाह्रॉइनच्या लाव्हाच्या पठारातून ब्रेन्निस्टेइन्सआल्दा या गंधकाच्या डोंगराच्या कुशीला लागते आणि चढतच राहते. पुढे स्तोरिक्वेर हे मोठं उकळतं कुंड आहे. फोटोसाठी कडेला जायचा मोह तिथेच होतो. कुंडाच्या भोवतीची माती वरून घट्ट दिसते, खाली पोकळ आणि तापलेली असते. मळलेल्या वाटेवरून एक पाऊलही बाजूला टाकू नका.

स्तोरिक्वेरनंतर बर्फ लागतो, कधीकधी ऑगस्टमध्येही. वाट लाकडी खुंट्यांनी दाखवलेली आहे. धुक्यात नियम एकच: पुढची खुंटी दिसल्याशिवाय मागची सोडायची नाही. दोघं असाल तर एकाने खुंटीपाशी थांबायचं, दुसऱ्याने आवाजाच्या टप्प्यात पुढे जाऊन खुंटी शोधायची. दुसऱ्यांच्या पाऊलखुणांवर विसंबू नका, त्या चुकलेल्या माणसाच्याही असतात. हटच्या अलीकडे वाटेवर एका तरुण ट्रेकरचं स्मारक आहे. २००४ च्या जूनअखेरीस तो इथल्या बर्फाच्या वादळात गेला, मुक्कामापासून अगदी थोड्या अंतरावर.

ह्राफ्नतिन्नुस्केरचा हट हजार मीटरच्या वर आहे आणि सगळ्या वाटेवरची सर्वांत थंड, सर्वांत उघडी रात्र इथेच काढायची असते. तंबूच्या जागांभोवती दगडांची गोल गडगी रचलेली आहेत. गडग्यात तंबू बसतो का ते आधी पावलांनी मोजा, तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला करा, खालचे काळ्या काचेसारखे ऑब्सिडियनचे तुकडे हाताने बाजूला सारा. त्यांच्या धारेने तंबूचा तळ चिरतो. जवळच्या बर्फाच्या गुहांत शिरू नका. खालच्या उष्णतेने त्यांची छतं कधीही कोसळतात.

> तपासा: दुपारी दोनपर्यंत लान्डमान्नालॉयगार सोडता येत नसेल, किंवा वर धुकं आणि जोरदार वारा असेल, तर ती रात्र खालीच काढा. लांबच्या विमानप्रवासानंतर थेट वर चढायची घाई करून लोक पहिल्याच दिवशी गारठतात.

## ६. दुसरा दिवस: ह्राफ्नतिन्नुस्केर ते आल्फ्तावात्न

१२ किलोमीटर, उतार साधारण ४९० मीटर, ४-५ तास.

पहिला अर्धा भाग घळींचा आहे. एक उतरायची, समोरची चढायची, पुन्हा तेच. घळींत साठलेल्या बर्फाखालून पाणी वाहतं आणि तो आतून पोखरला जातो. बर्फाच्या कडेला वितळून पडलेली फट किंवा मध्ये खोलगट, करड्या रंगाचा पट्टा दिसला तर तिथे पाय टाकू नका. काठीने टोचून बघा, पोकळ आवाज आला तर वरच्या अंगाने वळसा घ्या, आणि एकावेळी एकच जण जा.

मग योकुल्तुंगुरचा उतार येतो. समोर आल्फ्तावात्नचं तळं आणि त्यामागे हिमनद्या दिसू लागतात, पण नजर पायाखाली हवी. हा सरळ तीव्र घसारा आहे. काठ्या दहा सेंटिमीटर लांब करा, बुटाची नाडी घोट्यापाशी आवळून बोटांकडे सैल ठेवा, पावलं लहान टाका. सह्याद्रीतल्या नाळेत उतरताना दोन माणसांत जेवढं अंतर ठेवता तेवढं इथेही ठेवा. दगड सुटतात.

उताराच्या पायथ्याला ग्राशागाक्विस्ल ही पहिली नदी लागते. अनेकदा ती सोपी असते, म्हणूनच पुढचं तंत्र इथेच नीट करून बघा.

## ७. नदी पायी ओलांडण्याची पद्धत

सह्याद्रीत ओढा आला की आपण बुटांसकट पाण्यातून जातो, पुढच्या चढावर बूट आपोआप कोरडे होतात. इथे एकदा भिजलेले बूट चार दिवस वाळत नाहीत. पाण्याचं तापमान शून्याच्या थोडंच वर असतं.

१. थांबा आणि दहा मिनिटं बघा. जिथे पात्र सर्वांत रुंद आहे, पाणी दोन-तीन फाट्यांत विभागलं आहे आणि वर बारीक लाटा फुटत आहेत, ती जागा उथळ. अरुंद आणि वरून शांत दिसणारी जागा खोल. जीपगाड्या जिथून जातात ती जागा पायी माणसासाठी चांगली असेलच असं नाही, चाकांनी तळ खणला जातो.

२. खाली काय आहे ते बघा. आपण वाहून गेलो तर कुठे जाऊ? खाली धबधबा, मोठे खडक किंवा घळ असेल तर दुसरी जागा शोधा.

३. तयारी काठावरच पूर्ण करा. मोजे काढून कोरड्या पिशवीत, बूट सॅकला दोन ठिकाणी घट्ट बांधलेले. गळ्यात लटकवू नका आणि पलीकडे फेकूही नका. सैल पँट काढा, तिला प्रवाह पकडतो. नदीची पादत्राणं घालून पट्टे आवळा.

४. सॅकचे कमरेचे आणि छातीचे दोन्ही बंद सोडा. सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. पडलात तर सॅकमधून बाहेर पडता आलं पाहिजे.

५. तोंड प्रवाहाकडे, काठ्या पुढे रोवून, अंग किंचित पुढे झुकवून, बाजूबाजूने सरका. दोन काठ्या आणि एक पाय टेकलेले असतानाच दुसरा पाय हलवा. पाऊल उचलून टाकू नका, तळावरून घासत न्या. दिशा थोडी खालच्या अंगाला तिरकी ठेवा, सरळ प्रवाहाविरुद्ध जाऊन ताकद संपवू नका. नजर पलीकडच्या काठावर. वाहत्या पाण्याकडे टक लावून बघितलं की तोल जातो.

६. दोघं-तिघं असाल तर हात एकमेकांत अडकवून जा, सर्वांत दणकट माणूस वरच्या अंगाला. दोरी कुणाच्याही अंगाला बांधू नका. पडलेला माणूस बांधलेल्या दोरीमुळे पाण्याखाली दाबला जातो.

७. पलीकडे पोचल्यावर पाय पुसून लगेच मोजे-बूट घाला, काहीतरी गोड खा आणि चालू लागा.

पाणी मांडीच्या मध्यापर्यंत येत असेल आणि ओढ जोरात असेल तर परत फिरा. तळाचे दगड गडगडताना ऐकू येत असतील तर आत पाऊलही टाकू नका. पडलात तर सॅक सोडा, पाठीवर या, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि तिरकं काठाकडे जा.

> सावधान: हिमनदीच्या वितळण्यावर चालणाऱ्या नद्या पहाटे सर्वांत कमी असतात आणि दुपार-संध्याकाळी वाढतात. पावसाने वाढलेली नदी मात्र पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरू शकते. थांबणं हाही एक मार्ग आहे, आणि अनेकदा तोच बरोबर असतो.

## ८. तिसरा दिवस: आल्फ्तावात्न ते एम्स्त्रुर

१५-१६ किलोमीटर, ६-७ तास.

सकाळी लवकर निघा, याच दिवशी महत्त्वाची नदी आहे. निघण्यापूर्वी वॉर्डनला ब्लाफ्यात्लाक्विस्लचं पाणी विचारा. आधी ब्रात्थाल्सक्विस्ल लागते, ती पायी ओलांडायची. मग क्वान्गिलचा हट. त्यानंतर काल्दाक्लोफ्सक्विस्लवर पादचारी पूल आहे. पुलापाशी लोक बूट घालून निवांत होतात, आणि थोडंच पुढे ब्लाफ्यात्लाक्विस्ल येते. ही रुंद आणि बोचरी थंड, बहुतेक वर्षं सगळ्या वाटेवरची सर्वांत अवघड. मधल्या अंतरात नदीची पादत्राणं सॅकच्या तळाशी भरू नका, बाहेरच लटकत राहू द्या.

पुढे काळ्या वाळूचं वाळवंट आहे. वाट बराच वेळ गाडीरस्त्याने जाते, इन्री-एम्स्त्रुआ नदीचा पूल लागतो आणि मग पायवाट रस्ता सोडते. गप्पांच्या नादात तो फाटा चुकून लोक रस्त्यानेच सरळ जातात. पूल ओलांडला की खुंट्या आणि पाटी शोधायला लागा. वारा असेल तर वाळू उडते: डोळ्यांना गॉगल, तोंडाला बफ (गळ्यातून वर ओढायची कापडी पट्टी), पायांना गेटर (बुटांवरून पोटरीपर्यंतचं आवरण) आणि कॅमेरा पिशवीत.

एम्स्त्रुरचे हट मिर्दाल्स्योकुल या हिमटोपीजवळ आहेत आणि त्या टोपीखाली कात्ला हा ज्वालामुखी आहे. उद्रेक झाला तर बर्फ वितळून अचानक पूर येऊ शकतो. पोचल्यावर सूचनाफलक वाचा, उंच जागा कुठल्या दिशेला आहे ते दिवसाउजेडी बघून ठेवा आणि रात्री फोन पूर्ण बंद करू नका, इशारे संदेशाने येतात. अंगात ताकद असेल तर मार्कारफ्ल्योतची घळ बघून या, वाट लहानशी आहे. कडा भुसभुशीत आहेत, टोकापासून चार पावलं मागेच थांबा.

## ९. चौथा दिवस: एम्स्त्रुर ते थोर्समोर्क

१५-१६ किलोमीटर, ६-७ तास. बसची वेळ डोक्यात ठेवून निघा, पण त्यासाठी धावू नका.

सुरुवातीलाच फ्रेम्री-एम्स्त्रुआच्या घळीत तीव्र उतार आहे. पुलाजवळ धरायला दोर असतो. त्यावर पूर्ण भार टाकू नका, तोल सांभाळण्यापुरताच वापरा. मग ल्योसाचा पूल, पुढे कापाचा चढ-उतार आणि शेवटी थ्राउन्गा. ही अनेक फाट्यांत वाहते, पात्र दरवर्षी बदलतं आणि पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही. काठीने खोली चाचपत जा. लोक दमलेले असतात, समोर भूर्जांची राई दिसत असते, आणि "शेवटचीच तर आहे" म्हणून बंद न सोडता, बूट न काढता घुसतात. इथेही वर सातव्या भागात सांगितलेली नदी ओलांडण्याची सगळी पद्धत तशीच.

नदीनंतर राईत वाट फुटते. लांगिदालुर, हुसादालुर आणि बासार ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. आपली बस आणि आपला मुक्काम कुठला ते पावतीवर बघूनच वळा.

> सावधान: बासारला जाताना मध्ये क्रोसा नदी येते. ती फक्त पादचारी पुलावरूनच ओलांडायची. पायी उतरण्याजोगी ती नाही, गाड्याही तिथे वाहून गेल्या आहेत.

## १०. अंगात थंडी शिरल्याच्या खुणा

प्रत्येकाने दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचं. थरथर, चेन लावता न येणं, नाडी बांधता न येणं, अडखळत बोलणं, चिडचिड किंवा एकदम गप्प होणं, यातलं काही दिसलं की तिथेच थांबा. वाऱ्याआड जाऊन ओले कपडे काढा, कोरडे घाला, स्लीपिंग बॅगमध्ये बसवा, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम प्यायला द्या. हात-पाय चोळू नका, दारू देऊ नका. थरथर थांबली पण माणूस सुस्त झाला, तर ती सुधारणा नव्हे, ते गंभीर आहे. ११२ ला फोन करा.

## ११. पुढे स्कोगारपर्यंत जायचं असेल तर

थोर्समोर्कहून फिम्वोर्दुहाल्सची खिंड ओलांडून स्कोगारला जाणारी वाट सुमारे २५ किलोमीटरची आहे. ती हजार मीटरच्या वर चढते, आय्याफ्यात्लायोकुल आणि मिर्दाल्स्योकुल या हिमटोप्यांच्या मधून जाते आणि २०१० च्या उद्रेकात तयार झालेल्या माग्नी आणि मोदी या विवरांजवळून पुढे सरकते. शेवटी स्कोगाफॉस हा ६० मीटरचा धबधबा.

चार दिवसांनंतर हा लगेच पाचवा दिवस म्हणून धरू नका. बासारला एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या, सॅक हलकी करा आणि निघायच्या सकाळी वॉर्डनला खिंडीतल्या वाऱ्याबद्दल विचारा. काट्टारह्रिग्गिर ही अरुंद धार आणि हेल्यारकाम्बुरचा साखळी लावलेला आडवा टप्पा, या दोन ठिकाणी वारा धोकादायक ठरतो. १०-१२ तास हातात हवेत. खिंडीत धुकं भरलं असेल तर बासारहूनच बसने परता. स्कोगार मुख्य रस्त्यावर आहे, तिथून रेक्याविकची बस मिळते.

परतल्यावर कचरा शहरातल्या पेटीतच टाका, ह्राफ्नतिन्नुस्केरसारख्या मुक्कामांवर तो सोडायचा नसतो. घरच्यांना कळवा. सेफट्रॅव्हलवर नोंदवलेला आराखडा संपल्याचंही कळवा.